सहा डोक्यांची गाडी

"मेल्या, सतरा वर्षं तुला तेल पाजलं आणि आज एक आटा फिरत नाही तुझा? कृतघ्न कुठला!"

आवाज गाडीच्या खालून येत होता. खाली बोंगसू उताणा पडला होता आणि 'मेल्या' हे एका नटाला उद्देशून होतं. बाहेर बोंगसूचे दोन पाय तेवढे दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

त्याची बायको मिरान डिकीपाशी उभी होती. ती काही तिथे हौसेनं उभी नव्हती. डिकीचं झाकण वर तोलून धरणाऱ्या दोन दांड्या तीन वर्षांपूर्वीच निवर्तल्या होत्या. तेव्हापासून झाकणाला कपडे वाळत घालायच्या काठीचा टेकू द्यायचा आणि काठी घसरू नये म्हणून ती कुणीतरी धरून उभं राहायचं, अशी घरातली पद्धत पडली होती. कुणीतरी म्हणजे कोण, हे लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं.

"तुला नाही. नटाला."

"नटाशी बरं इतकं मोकळेपणानं बोलता."

गाडीखाली पान्याला आणखी एक हिसका बसला. मग काहीतरी 'कर्र' करून वाजलं, वाटीभर तांबडा भुगा बोंगसूच्या तोंडावर पडला, आणि खोकल्यातून वाट काढत उत्तर आलं, "काही नाही. बरं आहे सगळं."

कोरियातल्या सुवोन शहरात, त्या इमारतीच्या वाहनतळावर दर रविवारी हे वाक्य ऐकू येई. आणि दर रविवारी मिरानच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, काहीतरी गार पडे.

गाडी नऊ आसनांची. तिचे दोष घरात सगळ्यांना पाठ होते, पण दोष म्हणून नव्हे, एखाद्या वयस्क नातेवाइकाच्या सवयी असतात तसे. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजे. म्हणजे 'ती सांगून वळते'. बाजूचं सरकतं दार चालत्या गाडीत वीतभर मागे जाई. म्हणजे 'तिला उकडतं'. मधल्या रांगेतला पट्टा एकदा बाहेर ओढला की परत आत जात नसे. बोंगसूच्या आत्याबाई तो मफलरसारखा गळ्याभोवती घेऊन बसत आणि वर म्हणत, "ऊब येते."

इमारतीचे रखवालदार काका मात्र नातेवाईक नव्हते. एकदा त्यांनी मिरानला जिन्यात गाठलं. "युनसलची आई, राग मानू नका. रोज सकाळी तुमच्या गाडीखाली झाडतो, तर अर्धी सुपली भरून गंज निघतो. हळूहळू मीच ती गाडी कचऱ्यात टाकतोय, असं वाटायला लागलंय मला."

"ओल्या कचऱ्यात टाकता की सुक्या?" मिराननं विचारलं. हसण्यावारी नेलं की पोटातलं गार थोडं कमी होतं, असा तिचा अनुभव होता.

पण ऑगस्टमध्ये जे झालं ते हसण्यावारी नेता येईना. तिघं बाजाराला निघाली होती. मागून युनसल म्हणाली, "आई, रस्ता दिसतोय."

"दिसणारच. खिडकी कशाला असते?"

"खिडकीतून नाही."

मिराननं वळून पाहिलं. पोरगी चोवीस वर्षांची, विमा कंपनीत नोकरीला, दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचणारी. ती दोन्ही गुडघे छातीशी घेऊन आसनावर बसली होती. तिच्या पायाखालचा गालिचा खचला होता, आणि तळहाताएवढ्या भोकातून रस्त्यावरचे पांढरे पट्टे एकामागून एक पळत होते.

बोंगसूनं त्याच रविवारी तिथे पत्रा ठोकला. पत्र्यावर, वडिलांच्या खोलीतल्या जमिनीला लावून उरलेलं पिवळं मेणकापड अंथरलं. "बघ, अगदी घरासारखं वाटतं की नाही?" तो म्हणाला. वाटलं खरं. इतकं वाटलं की आत्याबाई तेव्हापासून गाडीत शिरताना बूट काढायला लागल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पिवळं मेणकापड दिसलं की पायातलं काढायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. पुढे कुठल्या वेगानं जायचं आहे याचा हाडं विचार करत नाहीत.

मिराननं एकच केलं. त्या दिवसापासून त्या भोकावरच्या जागी ती स्वतः बसू लागली. कुणी विचारलं तर म्हणे, "इथे पाय मोकळे राहतात."

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर गाडी मोडीत का काढली नाही? अशी माणसं दुसऱ्यांच्या घरांबद्दल फार पटकन निर्णय घेतात.

गाडी अप्पांनी घेतलेली होती. अप्पा म्हणजे बोंगसूचे वडील. गावच्या पोस्टात तेहेतीस वर्षं शिक्के मारून ते निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी पहिली ही गाडी घेतली. चुसोकच्या सणाला सगळा देश पितरांना जेवू घालायला एकाच दिवशी एकाच रस्त्यानं निघतो, आणि तीन तासांच्या वाटेला दहा तास लागतात. पण सरकारी नियम असा की, नऊ आसनांची गाडी असेल आणि आत सहा माणसं असतील, तर हमरस्त्यावरच्या बसच्या मार्गिकेतून जाता येतं. पाच असली तर नाही. अप्पांनी गाडीसमोर डुकराचं मुंडकं ठेवून पूजा घातली, चारी चाकांना तांदळाची दारू पाजली, आणि सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर केलं, "माझी माणसं आता रस्त्यात कुजणार नाहीत."

अशा गाडीबद्दल 'ही आता आपल्याला मारील' असं कोण म्हणणार? अप्पा एक्क्याऐंशीचे झाले होते. दर रविवारी ते काठी टेकत खाली येत, गाडीभोवती एक फेरी मारत, टपावर दोन थापा देत, आणि एक शब्द न बोलता वर जात. मिरानला ती फेरी बघवत नसे.

तेव्हा तिनं ठरवलं, की कुणाला न दुखवता, गुपचूप, आपणच काहीतरी करायचं. सगळ्या मोठ्या संकटांची सुरुवात अशीच होते.

शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची पाळी दोनला संपे. एका दुपारी ती पालिकेच्या कचेरीत गेली. जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना होती. खिडकीतल्या मुलीनं कागद पुढे सरकवला.

"गाडी व्यवस्थित चालते, असा दाखला लागेल."

"व्यवस्थित चालत असती तर मी इथे कशाला आले असते?"

"न चालणारी गाडी योजनेत बसत नाही, बाई."

"म्हणजे धडधाकट गाड्या तुम्ही मोडता आणि मोडक्या रस्त्यावर ठेवता?"

मुलीनं नियम पुन्हा वाचला. वाचताना तिचीही भुवई जराशी वर गेली, पण नोकरी होती म्हणून परत खाली आली. "आणि मालकाची सही लागेल."

"मालक माझे सासरे आहेत."

तेव्हा त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर करून मिरानकडे माणूस म्हणून पाहिलं. "अरे देवा," ती हळूच म्हणाली.

"तुमचंही लग्न झालेलं दिसतंय."

"थोरल्या मुलाशी," मुलगी म्हणाली, आणि कागद परत घेतला.

राहिली गाडीची सरकारी तपासणी. ती सणाच्या तीन आठवडे आधीच यायची होती. मिरानच्या मनात आलं, आपण कशाला बोलायला हवं? यंत्रच बोलेल. तपासनीस म्हणेल 'नापास', आणि सरकारपुढे अप्पांचंही काही चालणार नाही.

युनसलच्या परीक्षेच्या वेळी हीच मिरान शंभर दिवस डोंगरावरच्या देवळात पहाटे जात होती. 'पास कर' म्हणून कपाळ जमिनीला टेकवत होती. त्याच बुद्धापुढे जाऊन ती आता म्हणाली, "नापास कर." बुद्धाच्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही. त्याला लोकांच्या मागण्या बदलत राहायची सवय असावी.

नुसत्या देवावर सोडून चालत नाही म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं समुद्री शेवाळाचं सार केलं. परीक्षेच्या दिवशी घरात ते सार शिजवत नाहीत. बुळबुळीत असतं, खाल्लं की हातचं यश निसटतं. आमच्याकडे शत्रूच्या पोरालाही त्या दिवशी ते कुणी वाढणार नाही. मिराननं नवऱ्याला दोन वाट्या वाढल्या.

"आज कुणाचा वाढदिवस?" बोंगसूनं विचारलं, कारण एरवी ते सार वाढदिवसाला करतात.

"कुणाचा नाही. तब्येतीला चांगलं असतं. आणखी घ्या."

सार लागू पडलं. तपासनीसानं गाडी वर उचलली, टॉर्च मारली, लहानशा हातोडीनं दोन ठिकाणी टकटक केलं, आणि तिसऱ्या ठिकाणी हातोडी आत गेली ती त्याला दोन्ही हातांनी ओढून काढावी लागली. सात कलमांची यादी निघाली. खालचा सांगाडा गंजलेला, मागच्या चाकाचा आधार निखळायला आलेला, ब्रेक एका बाजूला ओढणारा. बोंगसूचा चेहरा उतरला. मिराननं ओठ दाबून धरले. तिला वाटलं, आपण रडू आवरतोय असं दिसत असावं.

"दहा दिवसांत दुरुस्त करून परत आणा," तपासनीस म्हणाला.

हे 'परत आणा' बुद्धानंही ऐकलं नव्हतं, असं दिसतं.

गाडी गॅरेजवाल्या पेककडे गेली. पेक सैन्यात बोंगसूच्या हाताखाली होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण बोंगसू दिसला की त्याची पाठ अजून ताठ होते आणि तोंडून 'नाही' निघत नाही. त्यानं पत्र्याला पत्रा जोडला, त्यावर काळा रंग थापला, ब्रेक ओढून बसवले. नवव्या दिवशी गाडी पास झाली. शिक्क्याचा कागद बोंगसूनं अप्पांना दाखवला. अप्पांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "अच्छा. पास झाली का." आणि फार वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आनंदानं, असं मिरानला वाटलं.

पेकनं मात्र मिरानला बाजूला घेतलं. "वहिनी, एक सांगतो. साठच्या वर नेऊ देऊ नका."

"साठ?"

"पन्नास म्हणणार होतो, पण दादांना वाईट वाटलं असतं."

"आणि साठच्या वर गेली तर?"

पेकनं हात पुसायचं फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेले हात बराच वेळ पुसले. "नेऊ देऊ नका," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मिरानच्या डोक्यात एकच आकडा फिरत राहिला. भाजी चिरताना साठ, शाळेत चारशे पोरांचा भात ढवळताना साठ. पण हळूहळू तिला धीर आला. सणाच्या रस्त्यावर कुणाच्या बापाला साठनं जाता येतं? वीस, फार तर तीस. बसच्या मार्गिकेचा प्रश्न नव्हता, कारण तिथे सहा डोकी लागतात आणि आता घरात भरत होती पाच: अप्पा, बोंगसू, ती, युनसल, आणि जवळच राहणाऱ्या आत्याबाई. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे दहा तास कोंडीत, गोगलगायीसारखं, सुखरूप. वाहतुकीची कोंडी व्हावी म्हणून तळमळणारी बाई देशात ती एकटीच असेल.

सणाच्या दोन दिवस आधी बोंगसू शीळ घालत घरी आला. "सहावं डोकं मिळालं!"

सहावं डोकं तीनशे दोन नंबरच्या प्यो ताईंचं होतं. प्यो ताईंना इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीवर मत असे. लोणच्याच्या मिठापासून लिफ्टमधल्या आरशापर्यंत. त्यांचा भाऊ योंगदोंगला, म्हणजे अप्पांच्याच गावी राहायचा, आणि आगगाडीची तिकिटं नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत संपली होती.

मिरान धावतपळत तीनशे दोनमध्ये गेली. "ताई, तुम्हाला गाडी लागते ना? पोटात ढवळतं ना?"

"लागते. पण बसच्या मार्गिकेतून जाणार म्हटल्यावर तीन तासांचा तर प्रश्न."

"आमच्या गाडीला वास येतो."

"मी पुदिन्याचं तेल घेते."

"दार..."

"दोरी घेते." प्यो ताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. पाच वर्षं खिडकीतून ती गाडी त्या बघत होत्या. त्यांना माहीत नव्हतं असं काही नव्हतं. त्या काहीतरी बोलणार, असं मिरानला क्षणभर वाटलं. "चार वर्षं भावाचं तोंड बघितलं नाही गं, युनसलची आई," त्या म्हणाल्या. मिरान परत फिरली.

सकाळी साडेसातला निघाले. पुढे बोंगसू आणि अप्पा. मधे दाराशी आत्याबाई, मांडीवर पेअरची पेटी, पाय मोकळे, बूट दारापाशी नीट जोडून ठेवलेले. त्यांच्या शेजारी भोकावर मिरान. मागे युनसल आणि प्यो ताई, आणि त्यांच्या मधे तिळाचं सारण भरलेल्या, तांदळाच्या पिठाच्या सोंगप्यनचा डबा.

हमरस्त्याच्या चार रांगा गच्च भरून उभ्या होत्या. लोक गाड्यांतून उतरून अंग मोकळं करत होते. मिरान त्या रांगांकडे, भुकेलं माणूस भाताच्या पातेल्याकडे बघतं तशी बघत राहिली. हॉर्न वाजला. म्हणजे बोंगसू डावीकडे वळला होता. गाडी बसच्या मार्गिकेत शिरली.

"डोकी वर ठेवा!" अप्पा ओरडले. "कॅमेरे मोजतात!"

सहा डोकी वर झाली. समोर मोकळा, गुळगुळीत, पार क्षितिजापर्यंत रिकामा रस्ता. इतका भयंकर रस्ता मिराननं आयुष्यात पाहिला नव्हता.

"अहो, सावकाश जा," ती म्हणाली. "साठ पुरे."

"साठनंच चाललोय."

पण ती मार्गिका बसची. दोन मिनिटांत आरसा लाल झाला. मागे बस आली होती, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. पहिल्या बसनं दिवे मारले. मग हॉर्न. उजवीकडच्या रांगांत बोट शिरवायलाही जागा नव्हती. पुढे पळायचं, नाहीतर चिरडून घ्यायचं.

बोंगसूनं पाय दाबला. सत्तरला मागची आसनं गुणगुणायला लागली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरू लागलं आणि त्याच्याबरोबर बोंगसूचे गाल. मिरानच्या तळव्यांखाली, पिवळ्या मेणकापडाखाली, पत्रा धडधडत होता. तिनं दोन्ही पाय उचलले नाहीत. पाय उचलले तर युनसलला दिसेल.

"काय मस्त पळतेय!" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

"वय दिसत नाही हो तिचं," प्यो ताई म्हणाल्या आणि पुटपुटू लागल्या. मिराननं कान दिला. त्या आळीपाळीनं बुद्धाचं आणि येशूचं नाव घेत होत्या. एरवी त्या दोघांनाही मानत नसत.

"आजोबा, तुम्हाला काही त्रास?" युनसलनं विचारलं.

अप्पा डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. "मुळीच नाही," ते म्हणाले. "तुला?"

"मला? छे."

नव्वदला दाराला उकडलं. ते आधी वीतभर सरकलं, मग हातभर, आणि सगळा हमरस्ता गर्जना करत आत आला. आत्याबाईंनी पेअरची पेटी सोडली आणि मिरानला पकडलं. मिराननं एका हातानं आत्याबाईंना धरलं, दुसऱ्या हातानं दाराची मूठ. प्यो ताईंची दोरी आली. युनसल आसनावरून ओणवी झाली आणि तिघींनी मिळून ते दार ओढून बांधलं. या सगळ्यात आत्याबाईंचा डावा बूट, जो दारापाशी नीट जोडून ठेवलेला होता, तो उठला आणि गेला. मागच्या बसच्या काचेवर 'थप्' असा आवाज झाला.

"काय होतं ते?" बोंगसू ओरडला.

"काही नाही!" पाचही जण एकदम ओरडले. "बरं आहे सगळं!"

त्यानंतर बसवाल्यानं, त्याचं देव भलं करो, बरंच अंतर ठेवलं.

छनानच्या पुढे विश्रांतीच्या थांब्याची पाटी दिसली. "कुणाला लघवीला जायचंय का?" बोंगसूनं विचारलं. गाडीत असा होकार याआधी कधी उमटला नव्हता. मार्गिका सोडून चार भरलेल्या रांगा आडव्या कापत, हॉर्न आणि शिव्या खात, ती गाडी एकदाची थांब्यावर आली आणि इंजिन बंद झालं. कितीतरी वेळ कुणी हललं नाही. मग सगळे एकदम उतरले.

पंधरा मिनिटांत निघायचं ठरलं होतं.

प्यो ताई शौचालयात जाऊन आल्या, मग पुन्हा गेल्या, मग तिसऱ्यांदा गेल्या. सणाची सुट्टी असूनही युनसलला कचेरीतून फोन आला, आणि फोनवर पलीकडचं माणूस काही बोलत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. आत्याबाई एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, अशा दुकानात सपाता बघत होत्या. सतरा जोड पायात घालून झाले.

"हे बोटाला लागतात," त्या मिरानला म्हणाल्या. "घाई कशाला? सपाता म्हणजे काही खेळ नाही."

"मुळीच नाही," मिरान म्हणाली. "ते निळे बघा."

बोंगसू गाडीभोवती फिरत होता. एकेका चाकाला लाथ मारून बघे, मान डोलावे आणि पुढच्या चाकाकडे जाई. चार चाकं झाली की परत पहिल्यापासून. अप्पा उन्हात बाकावर बसून कागदी पेल्यातून माशाच्या वड्यांचा रस्सा पीत होते. मिरान जवळ गेली तेव्हा तिला दिसलं की पेला केव्हाच रिकामा झाला होता. तरी ते फुंकर मारत, सावकाश घोट घेत होते.

तास गेला. दीड गेला. बसच्या मार्गिकेनं वाचवलेला सगळा वेळ तिथे बाकाभोवती सांडला. सगळे परत जमले होते, पण जमून गाडीकडे पाठ करून उभे होते. समोर एक कचऱ्याची पेटी होती, तिच्याकडे लक्ष देऊन बघत.

"चला," शेवटी बोंगसू म्हणाला. "निघायला हवं. उद्या सकाळी पितरांचं पान मांडायचंय."

"हो, हो, चला," सगळे म्हणाले. कुणी हललं नाही.

मिराननं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात किल्ली होती आणि ती बारीक आवाज करत होती. वारा नव्हता. तिला एकदम कळलं, आणि कळलं तेव्हा भीती वाटण्याऐवजी लाज वाटली. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाचा हात थरथरताना तिनं कधी बघितला नव्हता, की बघायचाच राहिला होता?

आता बोलायचं. तिनं छाती भरून श्वास घेतला. "अहो..."

पाचही जण तिच्याकडे वळले. पाचही तोंडांवर एकच आशा. तिची नजर अप्पांवर गेली. पांढऱ्या कोटात, ताठ पाठीनं, काठीवर दोन्ही हात ठेवून ते बसले होते.

"अहो, अक्रोडाची बिस्किटं आणखी घ्यायची का?"

"घेऊ या!" सगळे म्हणाले. भूक कुणाला नव्हती. पिशवीत तीन पाकिटं न उघडता पडली होती.

बिस्किटं आली. ती खाऊन झाली. एकेकानं हात झाडले, मग कपडे झाडले. आता झाडण्यासारखं काही उरलं नाही.

अप्पा उठले. "बोंगसू, किल्ली इकडे दे."

बोंगसूनं किल्लीची मूठ मिटली. "अप्पा, तुम्ही लायसन परत केलंय! दोन वर्षं झाली!"

"माहीत आहे मला. दे."

बापापुढे बोंगसूचं कधी चाललं नव्हतं. त्यानं किल्ली दिली. अप्पांनी ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली, वरचं बटण लावलं, आणि पुन्हा बाकावर बसले.

"मी नाही बसणार," ते म्हणाले.

"अप्पा, पण गाडी तर तुमची. तुम्हीच हौसेनं..."

"मीच घेतली. मीच घेतली म्हणून तर इतकी वर्षं तोंड उघडलं नाही." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग आपल्या मुलाकडे, मग खाली, आपल्या बुटांकडे. "एक्क्याऐंशी झाली रे मला. मरायची काही भीती राहिलेली नाही. पण त्या गाडीची मला फार भीती वाटते."